शहरी कचऱ्याचे कंपोस्ट रानात टाकण्यापूर्वी आणि टाकल्यानंतर

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत घरोघरी ट्रॅक्टर आले तशी दावणीची जनावरे घटली, आणि शेणखत ज्याच्या गोठ्यात चार म्हशी आहेत त्याच्यापुरतेच उरले. बाकीचे शेतकरी साखर कारखान्याच्या प्रेसमडकडे (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाकडे), कोंबडीखताकडे आणि अलीकडे नगरपालिकांच्या कंपोस्टकडे वळले आहेत. या कंपोस्टविषयी गावात दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींच्या मते तो कचराच आहे, तो रानात आणायचाच कशाला. तर काहींना वाटते की स्वस्तात मिळते आहे तेव्हा दहा ट्रॉल्या एकदम ओतून मोकळे व्हावे. हे खत पिकाच्या आधी मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या वाट्याला येते आणि त्यांचे काय होते यावर पुढचे सारे अवलंबून असते, याचा विचार या दोन्ही मतांत होत नाही. या लेखातली प्रत्येक पायरी त्या सूक्ष्मजीवांच्या बाजूने लिहिली आहे.

मातीत काय घडते

चांगल्या जमिनीच्या एका ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, पण त्यांतले बहुतेक उपाशी, जवळजवळ झोपलेल्या अवस्थेत असतात. त्यांना कमी पडतो तो सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पदार्थांतला कार्बन. आपल्याकडच्या काळ्या जमिनींत माती परीक्षणाच्या अहवालात हा कर्ब वारंवार ०.५ टक्क्याच्या खाली दिसतो. वाफशाच्या (ना चिखल, ना कोरडी अशा) ओलाव्यात कंपोस्ट मिसळले की त्यातला सहज विरघळणारा भाग आधी जिवाणूंच्या हाती लागतो, त्यांची संख्या वाढते आणि पहिले काही आठवडे मातीचा श्वासोच्छ्वास, म्हणजे तिच्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, वाढलेला असतो. त्यानंतर काडी, साल, देठ अशा चिवट भागावर बुरशी आणि अॅक्टिनोमायसीट हे बुरशीसारखे तंतू वाढवणारे जिवाणू काम करतात. पहिल्या पावसात येणारा मातीचा वास याच अॅक्टिनोमायसीटांपैकी स्ट्रेप्टोमायसिस प्रजातीतल्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन या पदार्थाचा असतो. जिवाणूंनी सोडलेला चिकट पदार्थ आणि बुरशीचे तंतू मातीचे बारीक कण एकत्र बांधतात, त्यातून रवाळ ढेकूळ तयार होते, आणि त्या ढेकळातल्या पोकळ्यांत पाणी, हवा व पुन्हा जिवाणूच राहतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कंपोस्टच्या पोत्यातून जिवाणूंची नवी फौज येते आणि ती जमिनीचा ताबा घेते, असे सांगून खत विकणारे बरेच भेटतात. प्रत्यक्षात ५५ ते ६५ अंश तापमानाच्या ढिगात वाढलेले बरेचसे जिवाणू रानातल्या मूळ रहिवाशांपुढे फार काळ टिकत नाहीत. वाढतात ते आपल्या जमिनीतले जुनेच जिवाणू, कारण त्यांना जेवण मिळालेले असते. त्यामुळे कंपोस्ट घेताना त्यात किती कोटी जिवाणू आहेत हे विचारण्यात अर्थ नाही. ते पुरते मुरले आहे का आणि स्वच्छ आहे का, हे दोनच प्रश्न विचारावेत.

पहिली पायरी: आपली जमीन ओळखणे

एकच कंपोस्ट पलूसच्या काळ्या रानात, माणच्या मुरमाड माळावर आणि पाटण किंवा जावळीच्या तांबड्या जमिनीत तीन वेगळ्या प्रकारे वागते. कृष्णाकाठच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू (पीएच, आम्लतेचे माप) सहसा ८ च्या आसपास किंवा वर असतो. तेथे शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू मातीला घट्ट धरून राहतात आणि पिकात कमी जातात. सह्याद्रीच्या बाजूच्या आम्ल जमिनीत हेच धातू अधिक मोकळे होतात, म्हणून महाबळेश्वर भागातल्या स्ट्रॉबेरी उत्पादकाने मिरजेच्या ऊस उत्पादकापेक्षा कितीतरी अधिक चोखंदळ असावे. त्यातच स्ट्रॉबेरीचे फळ जमिनीलगत वाढते आणि न शिजवता खाल्ले जाते. माण, खटाव, जत, आटपाडी येथल्या हलक्या जमिनींना मात्र कंपोस्टचा सर्वांत मोठा लाभ पाणी धरून ठेवण्यात होतो, आणि जिवाणूंना अन्नाइतकीच ओलाव्याची गरज असल्याने तेथे थोड्या कंपोस्टचाही परिणाम उठून दिसतो.

वाळवा, मिरज, पलूस पट्ट्यातल्या क्षारपड जमिनींचा प्रश्न निराळा आहे. ज्या रानात पाण्याची पातळी वर आली आहे आणि उन्हाळ्यात पांढरा थर फुलतो, तेथे आधी निचरा करावा लागतो. निचऱ्याशिवाय टाकलेले कंपोस्ट, विशेषतः शहरी कचऱ्याचे, आणखी क्षारच आणते. चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट झालेल्या, जमिनीत जिप्समबरोबर चांगले मुरलेले कंपोस्ट उपयोगी पडते, पण त्यातही निचरा पहिला.

माती परीक्षणासाठी पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी नमुना घ्यावा. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा काढावा, त्याच्या बाजूची दोन बोटे जाडीची माती वरपासून खालपर्यंत तासून घ्यावी, सगळी एकत्र करून चार भाग करत समोरासमोरचे दोन भाग काढून टाकावेत आणि शेवटी उरलेली अर्धा किलो माती कापडी पिशवीत भरावी. बांधाजवळची, झाडाखालची आणि जुन्या उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नये. मृद आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब धरून १२ घटक मिळतात, पण त्यांत सूक्ष्मजीवांचा एकही आकडा नसतो. ती उणीव घरच्या घरी कशी भरून काढायची ते पुढे येईल.

दुसरी पायरी: डेपोवर स्वतः जाणे

खताचा दर्जा प्रयोगशाळेच्या आधी गृहिणीच्या बादलीत ठरतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले, आणि जेथे घंटागाडीत ओला कचरा खरोखर वेगळा पडतो तेथले कंपोस्ट आणि सगळे एकत्र गोळा करून नंतर यंत्राने चाळलेले कंपोस्ट यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. कॅडमियम, पारा, शिसे ही मंडळी भाजीच्या देठांतून येत नाहीत. ती सेल, ट्यूबलाइट, रंगाचे डबे आणि रस्त्याच्या झाडलोटीतून येतात. एकदा ती ओल्या ढिगात मिसळली की कुजण्याच्या क्रियेने नाहीशी होत नाहीत. उलट ढिगाचे वजन घटत जाते तसे त्यांचे प्रमाण वाढते. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतील लोकसंख्येच्या शहरांत कराड देशात पहिले आले होते, तेव्हा वर्गीकरण आपल्याकडे जमत नाही असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

डेपोवर गेल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात: गाड्यांतून उतरणारा कचरा मिश्र आहे की वेगळा, ढिगांची चाळवणी होते का, आणि तयार मालाच्या राशीत काय चमकते. मूठभर खत पांढऱ्या कागदावर पसरून उन्हात धरावे. काच, प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे आणि चांदीसारखी वेष्टने लगेच दिसतात. काच मजुरांच्या पायांसाठी वाईट, आणि प्लास्टिक एकदा सरीत गेले की रोटाव्हेटर त्याचे आणखी बारीक तुकडे करतो. ते पुन्हा वेचता येत नाही.

एक खास सावधगिरी. अनेक शहरांत वर्षानुवर्षे साठलेले जुने डोंगर आता बायोमायनिंग करून उपसले जात आहेत आणि त्यातून चाळून निघालेली काळी भुसभुशीत माती खत म्हणून स्वस्तात किंवा फुकट देऊ केली जाते. ते कंपोस्ट नव्हे. त्यात दशकांचा मिश्र कचरा, राडारोडा, क्षार आणि धातू मिसळलेले असतात. खड्डे भरायला तिचा उपयोग होतो, पण रानात ती नको.

तिसरी पायरी: कागद मागणे आणि वाचणे

खत नियंत्रण आदेशाने शहरी कंपोस्टचे निकष ठरवून दिले आहेत. ओलावा १५ ते २५ टक्के, सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के, नत्र किमान ०.८ टक्के, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी किमान ०.४ टक्के, कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत, सामू ६.५ ते ७.५ आणि क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असावी. किमान ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. जड धातूंच्या मर्यादा प्रति किलो मिलिग्रॅममध्ये अशा आहेत: कॅडमियम ५, शिसे १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, आर्सेनिक १०, पारा ०.१५, तांबे ३०० आणि जस्त १०००. विक्रेत्याकडे त्या खेपेचा प्रयोगशाळा अहवाल नसेल तर माल घेऊ नये. राज्यात काही नगरपालिकांचे खत ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या नावाने विकले जाते. पोत्यावर नाव असले तरी अहवालाची तारीख पाहावी.

अहवाल हाती आल्यावर पहिल्यांदा नत्र पाहू नये. मी आधी क्षारता पाहतो, मग कर्ब-नत्र गुणोत्तर आणि मग कॅडमियम. गुणोत्तर ३० च्या वर असेल तर जिवाणू कर्ब पचवण्यासाठी लागणारे नत्र मातीतूनच उचलतात आणि पीक काही आठवडे पिवळे राहते. २० च्या खाली असेल तर नत्र मोकळे होऊ लागते.

चौथी पायरी: घरच्या तीन कसोट्या

हा धडा मला पैसे मोजून मिळाला. काही वर्षांपूर्वी एका शहराच्या डेपोवरून मी दोन ट्रॉल्या खत आणले आणि ‘चाळलेले आहे म्हणजे तयार आहे’ असे समजून पेरणीच्या आठवड्यातच सोयाबीनच्या रानात पसरले. ट्रॉली रिकामी करताना तळाच्या थरातून वाफ निघत होती आणि फावड्याचा दांडा कोमट लागत होता. ते पाहूनही मी थांबलो नाही. त्या पट्ट्यात उगवण विरळ झाली आणि जी रोपे आली ती तीन आठवडे पिवळी उभी राहिली. शेजारच्या, खत न टाकलेल्या पट्ट्यात सोयाबीन हिरवेगार होते.

तेव्हापासून प्रत्येक खेपेची तीन प्रकारे परीक्षा घेतो. पहिली उष्णतेची: लोखंडी सळई ढिगाच्या पोटात पाव तास खुपसून ठेवावी आणि काढून हातात धरावी, सळई गरम लागली तर ढीग अजून शिजतो आहे. दुसरी वासाची: खत मुठीत दाबल्यावर जेमतेम ओले जाणवेल इतपत भिजवून प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून चार दिवस सावलीत ठेवावे आणि उघडताच हुंगावे. मातीचा वास आला तर ठीक. अमोनियाचा झणका किंवा सडका वास आला तर जिवाणूंना प्राणवायू पुरत नाही इतके कच्चे अन्न त्यात शिल्लक आहे. तिसरी उगवणीची, आणि तीच सर्वांत बोलकी: एक वाटी खत दहा वाट्या पाण्यात तासभर ढवळून कापडातून गाळावे, एका ताटलीत त्या पाण्यावर आणि दुसऱ्या ताटलीत साध्या पाण्यावर ओल्या कागदात मुळ्याचे वीस-वीस दाणे ठेवावेत. चार-पाच दिवसांनी दोन्हींतले मोड मोजावेत आणि मुळांची लांबी पट्टीने मापावी. खताच्या पाण्यातली उगवण आणि मुळे साध्या पाण्याच्या ८० टक्क्यांहून कमी भरली तर ते खत आणखी महिना-दीड महिना सावलीत, ओलावा राखून आणि दोनदा उलथून मुरवावे.

कच्चे खत टाकण्यात हुमणीचाही, म्हणजे मुळे खाणाऱ्या पांढऱ्या अळीचाही, धोका आहे. अर्धवट कुजलेला पाला हे हुमणीच्या लहान अळ्यांचे खाद्य असते. उकिरड्यात सापडणारी प्रत्येक जाड पांढरी अळी मात्र उसाची हुमणी नसते. पुष्कळदा ती गेंडा भुंग्याची असते.

पाचवी पायरी: किती टाकायचे, याचा हिशेब

एक एकर रानाच्या वरच्या अर्ध्या फुटातल्या मातीचे वजन ढोबळमानाने ८ लाख किलो धरता येते. एकरी ४ टन कंपोस्ट टाकले आणि त्यात २० टक्के ओलावा असेल, तर कोरडा माल ३,२०० किलो होतो. त्यातला १२ टक्के कर्ब म्हणजे ३८४ किलो. सगळाच्या सगळा जमिनीत राहिला, तरी अहवालातला सेंद्रिय कर्ब जेमतेम ०.०५ टक्क्याने वाढेल. आणि तो सगळा राहत नाही, कारण जिवाणू तो खातात आणि बराचसा हवेत सोडतात. तेव्हा एका हंगामात कर्ब दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला ही आकडेमोड दाखवावी. जिवाणूंची हालचाल मात्र एकूण कर्बाच्या कितीतरी आधी बदलते.

नत्राचा हिशेबही असाच डोळे उघडणारा आहे. त्याच ३,२०० किलोत ०.८ टक्के दराने साधारण २५ किलो नत्र असते, पण पहिल्या वर्षी त्यातले १० ते २० टक्केच पिकाला मिळते, म्हणजे ३ ते ५ किलो. ते युरियाच्या पाव पोत्याच्या आत बसते. आडसाली (पावसाळ्यात लावून दीड वर्षाने तुटणाऱ्या) उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो, अर्थात एकरी १६० किलो नत्राची आहे. कंपोस्ट टाकले म्हणून रासायनिक खत एकदम बंद करणारा शेतकरी पहिल्याच वर्षी निराश होऊन दोष कंपोस्टला देतो.

आता धातूंचा हिशेब, तोही मर्यादेच्या काठावरचा माल धरून. शिसे किलोला १०० मिलिग्रॅम असेल तर एकरी ३२० ग्रॅम पडते, म्हणजे मातीत किलोमागे ०.४ मिलिग्रॅमची भर. एका वेळेस ती नगण्य आहे. कॅडमियम ५ मिलिग्रॅम असेल तर एकरी १६ ग्रॅम, किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम. ही भर क्षुल्लक वाटते, पण बहुतेक जमिनींत नैसर्गिक कॅडमियमच किलोला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत असते, त्यामुळे असा माल दर वर्षी वीस वर्षे टाकला तर ते सहज दुप्पट होऊ शकते. जस्ताचे उलटे आहे: १००० मिलिग्रॅमने एकरी सुमारे ३ किलो जस्त मिळते आणि आपल्या चुनखडीच्या जमिनींत ते बहुधा कमीच असते. द्राक्षवाल्यांनी तांब्याकडे लक्ष द्यावे. तासगाव, मिरज, पलूस भागातल्या बागांत मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षे फवारले गेले आहे आणि ते तांबे बोदाच्या (वेलींच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्याच्या) वरच्या थरातच साठलेले असते. त्यात कंपोस्टमधले तांबे मिळवण्यापूर्वी मातीतले तांबे तपासून घेणे शहाणपणाचे ठरेल. द्राक्षवेल क्षारांनाही नाजूक असल्याने बागेत मी क्षारता २ च्या वरचे शहरी कंपोस्ट सुचवणार नाही, मग नियमाची मर्यादा ४ असो.

धातूंची एवढी चर्चा सूक्ष्मजीवांच्या लेखात का, याचे उत्तर इंग्लंडमधल्या वोबर्न येथील प्रयोगात आहे. तेथे १९४२ ते १९६१ या काळात एका शेतात सांडपाण्याचा गाळ टाकला जात होता. तो बंद होऊन वीसहून अधिक वर्षे लोटल्यावर १९८० च्या दशकात असे आढळले की त्या मातीत क्लोव्हर या द्विदल पिकाच्या मुळांवर हवेतले नत्र बांधणारे कार्यक्षम रायझोबियम जवळजवळ उरले नव्हते. गाळ आणि कंपोस्ट एक नव्हेत आणि तेथले धातूंचे प्रमाणही मोठे होते, पण जमिनीतले कोणते जीव आधी कोलमडतात हे त्यातून कळते. आपल्याकडे ते काम सोयाबीन, हरभरा आणि भुईमुगाच्या गाठी करतात.

या सगळ्यावरून माझे मत असे आहे की काळ्या जमिनीत एकरी ३ ते ४ टन, तेही दर दोन वर्षांनी, आणि मधल्या वर्षी शेणखत, ताग-धैंचाचे हिरवळीचे खत किंवा उसाचे पाचट (वाळलेला पाला), ही चाल बरी. पाचट सरीत कुजवताना वरून कंपोस्टचा पातळ थर दिला तर कुजण्याची क्रिया लवकर सुरू होते. पाचटात कर्ब भरमसाट आणि नत्र अत्यल्प असल्यामुळे थोडा युरिया मात्र द्यावाच लागतो.

सहावी पायरी: टाकण्याची वेळ आणि रीत

पेरणी किंवा लागणीपूर्वी तीन ते चार आठवडे, शेवटच्या पाळीच्या वेळी, रान वाफशावर असताना खत पसरून वरच्या चार ते सहा इंचांत मिसळावे. उन्हात उघडे पडलेले कंपोस्ट वाळते आणि त्यातले जीव मरतात. खोल नांगरटीत गाडले तर प्राणवायू कमी पडतो. खत आणि युरिया एकाच दिवशी वर विस्कटू नये, कारण आपल्या जास्त सामूच्या जमिनीत युरियातले नत्र अमोनिया होऊन उडते. द्राक्षात एप्रिलच्या खरड छाटणीच्या सुमारास बोदात चर काढून द्यावे, हळदीत बेड पाडण्यापूर्वी. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, अॅझोटोबॅक्टर हे नत्र बांधणारे जिवाणू किंवा स्फुरद विरघळवणारे जिवाणू द्यायचे असतील तर ते पूर्ण थंड झालेल्या कंपोस्टमध्ये मिसळून सावलीत आठ-दहा दिवस ठेवून द्यावेत. बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणे) आणि ट्रायकोडर्मा एकाच आठवड्यात देण्याचा प्रकार मी अनेक रानांत पाहिला आहे. तो पैशाचा निव्वळ अपव्यय आहे.

नदीकाठच्या मळीत, म्हणजे गाळाच्या रानात, ढीग करून ठेवणाऱ्यांनी ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवावा. खत जूनपूर्वी मिसळून टाकावे, नाहीतर ढीग पांढरीत (गावठाणाच्या जागेत), उंचावर करावा.

सातवी पायरी: मातीला विचारणे

प्रत्येक रानात एक पट्टा कंपोस्ट न टाकता मोकळा ठेवावा. त्याच्याशिवाय कोणताही निष्कर्ष हा अंदाजच असतो. दोन्ही पट्ट्यांत एकाच दिवशी जुन्या सुती बनियनचे सारख्या आकाराचे तुकडे वीतभर खोल उभे पुरावेत, जागेवर खूण म्हणून काठी रोवावी आणि ओलावा टिकेल असे पाहून पन्नास-साठ दिवसांनी हळुवार उकरून काढावेत. सुती कापड म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, आणि ते खाणारे जीव जागे असले की कापड झिजते. माझ्या रानात पहिल्या वर्षी मोकळ्या पट्ट्यातला तुकडा मळकट पण अख्खा निघाला आणि कंपोस्टच्या पट्ट्यातला चाळणीसारखा. दुसऱ्या वेळी कंपोस्टच्या बाजूला पॉलिएस्टरच्या दोऱ्याची शिवण तेवढी हाती लागली. सूक्ष्मजीवांची हालचाल मोजणारी डिहायड्रोजिनेज किंवा त्यांच्या शरीरातला कर्ब मोजणारी जैवभार कर्बाची, या प्रयोगशाळेतल्या चाचण्या अधिक नेमक्या आहेत आणि कृषी विद्यापीठाकडून त्या करून घेता आल्या तर उत्तमच, पण बनियनचा तुकडा कोणालाही परवडतो.

त्याच्या जोडीला दोन्ही पट्ट्यांतले सुपारीएवढे वाळलेले ढेकूळ चहाच्या गाळणीत ठेवून पाण्याच्या पेल्यात बुडवावे. पाच मिनिटांत विरघळून पाणी गढूळ करणाऱ्या मातीचे कण कशानेही बांधलेले नाहीत. टिकून राहणाऱ्या ढेकळात बुरशीचे तंतू आणि जिवाणूंचा डिंक काम करतो आहे. पावसाळ्यात एक फूट लांब, रुंद आणि खोल माती काढून गांडुळे मोजावीत, आणि सोयाबीन फुलोऱ्यात असताना दोन्हीकडची पाच-पाच रोपे मुळांसकट उपटून गाठी कापून पाहाव्यात. आतून गुलाबी-लाल निघाल्या तर नत्र बांधले जात आहे. फिकट हिरव्या किंवा पांढऱ्या निघाल्या तर नाही.

हे सगळे एका वहीत लिहावे: खेप कोठून आली, अहवालाचा क्रमांक, एकरी वजन, कोणत्या गटात टाकले, कापडाचे काय झाले, गाठी किती. तिसऱ्या वर्षी माती पुन्हा तपासताना क्षारता पहिल्या अहवालापेक्षा स्पष्ट वाढलेली दिसली, किंवा कंपोस्टच्या पट्ट्यातल्या गाठी मोकळ्या पट्ट्यापेक्षा सलग दोन हंगाम कमी भरल्या, तर त्या ठिकाणचे खत थांबवावे आणि तो पट्टा किमान दोन वर्षे ताग व शेणखतावर ठेवावा. माझ्या वहीत एका गटापुढे असा शेरा आहे. त्या रानात आता ताग उभा आहे आणि मोकळ्या पट्ट्याची काठी अजून जागेवर आहे.